पंधरा दिवसांची सेवा नको

सुट्टीत नेपाळ, श्रीलंका, कंबोडिया अशा देशांत जायचे आणि तिथल्या दिव्यांग मुलांच्या शाळेत पंधरा दिवस सेवा करायची, अशा सहली आता पैसे भरून मिळतात. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात असा अनुभव उठून दिसतो, हेही त्यामागचे एक कारण. जाणाऱ्या तरुणांच्या कळकळीबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. पण ज्यांच्यासाठी जायचे त्या मुलांच्या बाजूने पाहिले, तर हा मुक्काम फारसा कामाचा नाही. अनेकदा तो त्यांना त्रासाचाच ठरतो.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला भरवणे हे साधे वाटणारे कामच घ्या. मुलाला नीट ताठ बसवावे लागते, मान मागे कलू द्यायची नसते, घास लहान ठेवायचा असतो आणि तो गिळून होईपर्यंत थांबायचे असते. घाई झाली, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनियापर्यंत वेळ येऊ शकते. एवढे तंत्र शिकवता येते. पण समोरच्या मुलाने तोंड फिरवले म्हणजे त्याचे पोट भरले की त्याला पाणी हवे आहे, हे रोज त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाच कळते. अनेक स्वमग्न मुलांना तर ओळखीची माणसे आणि ठरलेला दिनक्रम यांचाच आधार असतो. दर पंधरवड्याला नवा चेहरा, नवा आवाज, नवा स्पर्श आला की ती बिथरतात. त्यांना सावरायचे शाळेतल्या ताईंनी आणि नव्या पाहुण्याला शिकवायचेही त्यांनीच. मुलांच्या खाणाखुणा कुठे समजू लागतात, तोच पाहुण्याची परतायची वेळ झालेली असते.

हे काम कसे करावे, याचे उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे. नाझींनी १९३८ मध्ये ऑस्ट्रिया घशात घातल्यावर ज्यू बालरोगतज्ज्ञ कार्ल क्योनिग यांना व्हिएन्ना सोडावे लागले. १९४० मध्ये ॲबर्डीनजवळच्या कॅम्पहिल या जागी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विशेष मुलांसाठी घर उभे केले. ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून पुरुषांना स्थानबद्ध केले गेले, तेव्हा नव्या जागेत बिऱ्हाड हलवले ते बायकांनी. परक्या देशात, स्वतः निर्वासित असताना या मंडळींनी एक नेम केला : मुलांबरोबर एकाच घरात राहायचे, एकाच टेबलावर जेवायचे. आज कॅम्पहिलच्या वसाहती वीसहून अधिक देशांत आहेत. देशोदेशीचे तरुण तिथे साधारण वर्षभर राहतात. त्यांना राहण्याजेवण्याची सोय, हातखर्च आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षण मिळते. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या साधना व्हिलेजमध्येही बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांबरोबर परदेशी तरुण असे राहून गेले आहेत. जर्मन सरकारने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘वेल्टवेर्ट्स’ योजनेतही परदेशी सेवेची मुदत सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत असते. सहा महिन्यांच्या आत या कामात हाती काही लागत नाही, हे अनुभवी माणसांना ठाऊक आहे.

म्हणून मुलांना पाठवणाऱ्या पालकांनी आणि महाविद्यालयांनी काही गोष्टी ठामपणे पाळाव्यात. मुक्काम सहा महिन्यांहून कमी नको. तिथल्या शाळेने स्वतः मागणी केली असेल तरच जावे आणि तिथल्या विशेष शिक्षकांच्या हाताखाली काम करावे. निघण्यापूर्वी स्थानिक भाषा शिकावी. मुले कर्णबधिर असतील, तर त्या देशाची खुणांची भाषा शिकावी. ती देशोदेशी वेगळी असते, इथे शिकलेली तिथे चालेलच असे नाही. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत. एवढा वेळ देणे जमत नसेल, तर विमानाच्या तिकिटाचे पैसे त्या शाळेला मदतनिसाच्या पगारासाठी द्यावेत आणि आपल्याच गावातल्या विशेष शाळेत वर्षभर दर शनिवारी न चुकता जावे. मुलांना त्याचा उपयोग कितीतरी जास्त होईल आणि जाणाऱ्यालाही काम खरोखर शिकता येईल.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये केलेल्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कराराचे कलम २४ शिक्षण हा या मुलांचा हक्क मानते. भारताने २००७ मध्ये तो करार स्वीकारला. जगातल्या बहुतेक देशांनीही स्वीकारला आहे. हक्काची गोष्ट कुणाच्या सुट्टीच्या सवडीने द्यायची नसते. मुलांच्या गरजेइतका वेळ देण्याची तयारी असेल, त्यानेच परदेशातल्या त्या वर्गाचे दार ठोठवावे.