विजेत्यांचा सातबारा

मध्ययुगातील स्वारी म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो आक्रमकाच्या धर्माचा. धर्म कळला की निकाल लागला! 1296 मध्ये देवगिरीचा खजिना कोणी लुटला हे मुखोद्गत असते. तो कोणाच्या घामातून भरला होता, हे विचारण्याची गरज कोणास वाटत नाही. जातीयवाद्यांनी पोसलेली ही सवय ज्यांना मोडावयाची आहे, त्यांनी मार्क मॉरिस या इंग्रज इतिहासकाराचे ‘द नॉर्मन कॉन्क्वेस्ट’ (2012) हे अत्यंत वाचनीय पुस्तक अवश्य वाचावे.

14 ऑक्टोबर 1066 रोजी हेस्टिंग्जजवळ भिडलेल्या दोन्ही फौजा ख्रिस्ती होत्या. येथे परधर्माचा बाऊ करण्याची सोय नाही. म्हणूनच देश जिंकणे म्हणजे काय, ते उघडेनागडे दिसते. 1069-70 च्या हिवाळ्यात उत्तरेतील बंड मोडताना विल्यमने धान्य आणि गुरेढोरे जाळून टाकली. भुकेने लाखावर माणसे मेल्याचे ऑर्डेरिक हा मठवासी लिहितो. आकडा फुगलेला असेल. परंतु एरवी विल्यमची थोरवी गाणारा हा लेखकही येथे त्याला क्षमा करीत नाही. विजेत्यांनी स्वधर्मीयांची प्रार्थनामंदिरेही पाडली. विंचेस्टरचे पुरातन चर्च 1093 मध्ये जमीनदोस्त होऊ लागले ते शेजारी नॉर्मन कॅथीड्रल उभे राहिल्यावर!

आणि 1086 चे ‘डोम्सडे बुक’ म्हणजे तर जवळजवळ साऱ्या इंग्लंडचा सातबारा. किती नांगर, किती कुळे, 1066 पूर्वी धनी कोण, आता कोण, याची गावोगाव नोंद. राजाकडून थेट जमीन धारण करणाऱ्या बड्या सरदारांत इंग्रज नावे बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती.

1649 मध्ये पडीक जमीन कसावयास निघालेल्या जेरार्ड विन्स्टन्लीने जमीनदारीचे मूळ याच तलवारीत दाखविले होते. मात्र जिंकलेला इंग्लंड स्वतंत्र माणसांचा देश होता, ही भाबडी समजूत मॉरिस टिकू देत नाहीत. डोम्सडेच्या काळीही तेथे दहांत एक माणूस गुलाम होता, आणि गुलामांच्या विक्रीस बंदी केली ती याच विल्यमने. दोष एकच. पुस्तकात राजे आणि सरदार फार बोलतात. साधनेच त्यांनी लिहवून घेतलेली, हे खरे. तरी ज्यांच्या नांगरांची मोजदाद झाली त्या कुळांना मॉरिस यांनी चार पाने अधिक द्यावयास हवी होती.