गॅस संपत नाही, गळतो

अब्बांच्या मागे धुळ्याच्या घरी दोन गोष्टी राहिल्या. एक त्यांच्या हिशेबाच्या वह्या आणि दुसरी अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी. गाडी विकायचा विषय निघाला की अम्मी उठून स्वयंपाकघरात जाते, म्हणून आम्ही तो काढायचंच सोडून दिलं.

गेल्या मे महिन्यात अम्मीला जळगावला माझ्याकडे आणायचं होतं. पारोळा, एरंडोल करत येणारा हा रस्ता शंभर किलोमीटरचाही नाही; पण आपल्या खानदेशातला मे महिना वाचकांना सांगायला नको. अम्मी म्हणाली, येईन तर ह्यांच्याच गाडीतून. धाकटा भाऊ म्हणाला, "आपा, एसी दुरुस्त करू. सामान मिळतं. सुट्टी आहे, घरीच बसवू." माझा नववीतला मुलगा पाना घेऊन तयारच होता.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही गाडी २००० च्या सुमारास बंद झाली. इंजिन १०८९ सीसीचं. अब्बांनी एसी मागाहून बसवून घेतला होता. त्याची रचना घरातल्या फ्रिजसारखीच. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून गॅस दाबतो. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर जाऊन त्याचा द्रव होतो. तो ड्रायरच्या बाटलीतून गाळून पुढे जातो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटतो आणि डॅशबोर्डखालच्या कूलिंग कॉइलमध्ये थंड होतो. तिथून गॅस परत कॉम्प्रेसरकडे. हे एक बंद वर्तुळ आहे.

नट सैल करायला भाऊ वाकला, तेव्हा पलीकडचे मिस्त्री म्हणाले, "जुना गॅस सोडून द्या, दोन मिनिटांचं काम. हवाच तर आहे." मुलाने मामाचा हात धरला. कॉम्प्रेसरवरच्या चिठ्ठीवर आर-१२ लिहिलं होतं. म्हणजे सीएफसी, ओझोनचा थर विरवणारा. १६ सप्टेंबर १९८७ च्या माँट्रियल कराराने जगाने तो हळूहळू बंद करायचं ठरवलं. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला आणि २००८ मध्ये इथलं त्याचं उत्पादन थांबलं. मुलाला हे शाळेत शिकवलेलं होतं. मलाही माहीत होतं, पण मी शेजारी उभी राहून गप्प होते, हे कबूल करते.

शेवटी गाडी तशीच चालवत एका गॅरेजला नेली, जिथे गॅस ओढून टाकीत साठवायचं मशीन आहे. भावाला खर्च नको वाटत होता. मशीन लावलं, तर हाती आला जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. भाऊ हसला, "एवढ्यासाठी?"

बाकीचा कुठे गेला, ते त्या रात्री वहीत सापडलं. १९९६ पासून २००७ पर्यंत दर एप्रिलला एक ओळ : "गाडी, एसी गॅस." बारा वर्षं, बारा ओळी. पेट्रोलसारखा एसीचा गॅसही संपतो, असं अब्बांना वाटायचं. आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं. पण हा गॅस जळत नाही, खर्चही होत नाही. कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी गळतोय. दर वेळी अर्धा किलो धरला तरी सहा किलो होतात, आणि या गॅसचा एक किलो वातावरण तापवण्यात सुमारे दहा हजार किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. हवेत तो साधारण शंभर वर्षं टिकतो.

मला झोप लागली नाही. माणूस गेल्यावरही ज्याचं पुण्य चालू राहतं, त्या सदका-ए-जारियाबद्दल आपण मुलांना सांगतो. त्याची दुसरी बाजूही असते, हे मनात आलं. अब्बा अंगणात कडुनिंब लावून गेले, त्याची सावली आजही आहे. त्यांना माहीत नव्हतं. अल्लाह नियत जाणतो. पण आता आम्हाला माहीत झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. गळती शोधायला मोठी विद्या लागत नाही. गॅसबरोबर थोडं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. कॉम्प्रेसरच्या शाफ्टपाशी आणि दोन रबरी पाइपांच्या टोकांना तसा काळा चिकट पट्टा होता. कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू घट्ट बसले होते. जिनिंगच्या गावांतून वर्षानुवर्षं फिरलेली गाडी ती. पाण्याची हलकी धार आतल्या बाजूने मारून जाळी साफ केली. कॉम्प्रेसर, पाइप, व्हॉल्व्ह आणि सगळ्या ओ-रिंग बदलल्या. नवा गॅस आर-१३४ए. तो ओझोनला धक्का लावत नाही, मात्र वातावरण तापवतोच, म्हणून तोही सोडायचा नाही. त्याचं जुन्या खनिज तेलाशी जुळत नाही, त्यामुळे जुनं तेल धुऊन काढावं लागलं. ड्रायर हवेतला ओलावा लगेच शोषतो, म्हणून त्याची बुचं सगळ्यात शेवटी काढली.

घरी करायचं काम इथे संपतं. गॅस काढणं आणि भरणं मशीनवाल्याचं. द्रवरूप गॅस डोळ्यात उडाला तर डोळा गोठतो. कुणी स्वयंपाकाचा गॅस भरायला सुचवतो. तो पेट घेतो. कुणी गळती तपासायला ऑक्सिजन सोडतो. तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. गळती तपासायची ती नायट्रोजन भरून आणि साबणाच्या फेसाने. गॅरेजमध्ये तसंच केलं, मग अर्धा तास व्हॅक्यूम लावून काटा हलत नाही ना ते पाहिलं, आणि वजन करून नवा गॅस भरला, जुन्याच्या मापापेक्षा थोडा कमी.

जुम्याची नमाज झाल्यावर निघालो. छोटं इंजिन, एसीचा भार. चढावर रेडिएटरचा काटा वर जाऊ लागला की भाऊ थोडा वेळ एसी बंद करी. एरंडोलच्या पुढे अम्मीने ओढणीचं टोक जाळीपुढे धरलं. ते हललं. म्हणाली, "ह्यांच्या वेळीही इतका गार नव्हता." मग खिडकीकडे वळून बराच वेळ काही बोलली नाही.

आता आपल्या घरांतही एसी आहेत, फ्रिज तर सगळीकडे. मिस्त्री आला की आपण म्हणतो, "गॅस भरून द्या." यापुढे आधी विचारा, "गळतोय कुठे?" ती जागा दुरुस्त करायला वेळ लागेल, पैसे जास्त पडतील, ते द्या. दर वर्षी नुसता गॅस भरत राहणं स्वस्त वाटतं, कारण त्यातली बरीचशी किंमत दुसरेच कुणी मोजत असतात.

अब्बांची वही मुलाने पुढे चालू ठेवली आहे. यंदाच्या एप्रिलची ओळ त्याच्या अक्षरात आहे : "एसी तपासला. गॅस पुरेसा. भरला नाही."