आज्ञावलीची भाषा आणि मातृभाषा

भिलाई म्हटले की पोलाद आठवते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रशियन तज्ज्ञ आणि भारतीय कामगार यांच्यामध्ये तेव्हा दुभाषे उभे असत. यंत्र एक आणि त्याविषयी बोलण्याच्या भाषा अनेक, ही या नगरीची जन्मकथाच होय. २०१६ पासून भिलाईच्या नावाने भारतीय तंत्रज्ञान संस्था चालू आहे, आणि तोच प्रश्न आता निराळ्या रूपात पुढे आला आहे. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या माणसाची भाषा कोणती?

प्रोग्रॅमर मंडळींचे आपसांतील वाद बाहेरच्यास क्षुल्लक वाटतात. कोणती आज्ञाभाषा श्रेष्ठ, नावे आखूड असावीत की अर्थवाही, टीपा जोडाव्यात की आज्ञावलीच स्वयंस्पष्ट असावी, यांवर ते हिरिरीने भांडतात. साहित्याच्या अभ्यासकाने तरी या वादांची उपेक्षा करू नये. अल्पाक्षरत्व, प्रसाद, संदिग्धता, वाचकाचे भान हे काव्यशास्त्राचेच जुने प्रश्न आहेत. डच संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांनी १९७५ साली असे मत मांडले की, गणिती प्रवृत्तीखेरीज मातृभाषेवरील असाधारण प्रभुत्व हेच समर्थ प्रोग्रॅमरचे सर्वांत मोलाचे भांडवल होय. आज्ञावली प्रामुख्याने माणसाला समजावून सांगण्यासाठी लिहावी, हा विचार डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ साली पुरस्कारिला.

मातृभाषेचे हे माहात्म्य मान्य केले, तर घरी छत्तीसगढी किंवा मराठी, कचेरीत हिंदी आणि आज्ञावलीत इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या तरुणाचे काय, असा प्रश्न उरतोच. यावर आज्ञाभाषेतील शब्दांचे भाषांतर करावे, असा उपाय सुचविला जातो. तो वरवरचा आहे. पायथनसारख्या भाषेत राखीव शब्द अवघे पस्तीसच्या आसपास; ते पाठ करण्यास फार दिवस लागत नाहीत. खरी कसोटी लागते ती नामकरणात आणि विवरणात. एखाद्या राशीला नेमके नाव देणे म्हणजे तिची संकल्पना पुरती आकळणे. जो विद्यार्थी विचार एका भाषेत करतो आणि नाव तुटपुंज्या परभाषेत देतो, त्याचा गोंधळ बुद्धीचा समजला जातो. वस्तुतः तो पुष्कळदा भाषेचा असतो. गुण मात्र त्याचे कापले जातात आणि नोकरीही त्याचीच हुकते.

आज्ञावली दूरदेशीचे अनोळखी लोक वाचतात, म्हणून इंग्रजी सोयीची, हा आक्षेप रास्त आहे. परभाषेत लिहिणे कमीपणाचेही नाही. भिलाईपासून जवळच असलेल्या राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले. त्यांनी कविता हिंदीत लिहिली, तर बंधू शरच्चंद्र यांनी मराठीत. पण तेथे दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. आजच्या विद्यार्थ्यापुढे एकच वाट आहे, आणि ती निवड नव्हे.

दुसरी वाट मोकळी नसण्यास साधनांचाही हातभार आहे. ‘भिलाई’ या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात. पायथन मोजते पाच, कारण वेलांटी व काना ते स्वतंत्र चिन्हे धरते. शब्द उलटा करावयास सांगितल्यास वेलांटी भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. आचार्यास आणि आचाऱ्यास यांतील भेद मराठी माणसाला विद्वान व स्वयंपाकी यांच्यातला भेद आहे. २००८ मध्ये आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी नावे चालतात. परंतु हा अर्धा र अदृश्य जोडचिन्हाने लिहिला असेल, तर ते नाव नाकारले जाते. तोच र नुक्ता असलेल्या ‘ऱ’ ला हलन्त जोडून लिहिला की चालतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच! असे खाचखळगे हेरण्यास मराठीचे व्याकरण जाणणारा माणूस हवा. आणि तो संगणक विभागात सहसा नसतो.

याउलट भाषा विभागांत पाणिनीच्या नावाचा जयघोष पुष्कळ होतो. अल्गोल भाषेचे व्याकरण मांडणाऱ्या बॅकस-नाउर पद्धतीला पाणिनी-बॅकस म्हणावे, असे इंगरमन यांनी १९६७ साली सुचविले होते, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु पूर्वजाच्या गौरवाने आजच्या विद्यार्थ्याचे एकही वाक्य सुधारत नाही.

म्हणून अपेक्षा माफक ठेवावी. आज्ञावली इंग्रजी नावांनी लिहिली जावो. पण तिच्यामागील युक्तिवाद विद्यार्थ्याने प्रथम मातृभाषेत मांडावा, आणि परीक्षकाने त्यास गुण द्यावेत. ज्या कचेऱ्यांत चर्चा देशी भाषेत होते, तेथे तिचे टिपणही त्या भाषेत ठेवण्यास मुभा असावी. अन्यथा निर्णय उरतो आणि त्याचे कारण हवेत विरते. भाषा विभागांनी परिभाषाकोशावर न थांबता संगणक विभागाशेजारी बसून साधने तपासावीत. साध्या भाषेतील सूचनेवरून आज्ञावली रचणारी साधने आता हाताशी आली आहेत. जे नेमके सांगू शकेल, त्याचेच काम ती नेमके करतील. नेमके सांगण्याची ही शक्ती माणूस प्रथम घरच्या भाषेत कमावतो. भिलाईने पोलादासाठी दुभाषे नेमले होते. विचारासाठी ते नेमण्याची वेळ विद्यापीठांनी विद्यार्थ्यावर आणू नये.