शब्दांची यादी आणि संधीची समानता

अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी १९२६ पासून घेतल्या जाणाऱ्या सॅट परीक्षेमुळे दुर्मिळ इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करण्याची प्रथाच पडली. पुढे १९९४ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे, २००५ मध्ये शब्दसाधर्म्याचे आणि २०१६ मध्ये सुट्या वाक्यांतील रिकाम्या जागांचे प्रश्न वगळण्यात आले. आता शब्दाचा अर्थ उताऱ्याच्या संदर्भावरून ओळखावा लागतो.

हा बदल योग्यच आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला त्यात प्रोत्साहनाचे तत्त्व दिसते: परीक्षा जे मोजते, तेच विद्यार्थी जमवतो. ‘युबिक्विटस’ म्हणजे सर्वव्यापी, हे घोकलेल्या मुलाला तो शब्द वाक्यात योजता येईलच असे नाही.

मात्र एक बाब दृष्टीआड होऊ नये. यादी स्वस्त होती; ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तके नाहीत, तोही ती चिकाटीने पाठ करू शकत असे. वाचनाची सवय वर्षानुवर्षे मुरावी लागते आणि त्यासाठी पुस्तके हाताशी असावी लागतात. म्हणून आपल्याकडे प्रवेश परीक्षांत असे बदल करताना शासनाने शालेय ग्रंथालयांसाठीही तरतूद करावी. अन्यथा प्रश्नपत्रिका सुधारेल, पण संधीची विषमता अधिकच वाढेल.