बलोपासनेचा हिशेब

बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ साली सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात दोन्ही प्रकार मिळून २४८ किलो उचलले. टोकियोत २०२१ साली मीराबाई चानूने ४९ किलो गटात २०२. नुसता भागाकार केला तर संकेत साडेचार पट, आणि टोकियोतच ४८८ किलो उचलणारा महाकाय लाशा तालाखाद्झे त्याच्याही खाली! देहाचे वजन वाढते त्या प्रमाणात स्नायूंचा आडवा छेद वाढत नाही, हे त्यामागील कारण. म्हणूनच पॉवरलिफ्टिंगचा आंतरराष्ट्रीय महासंघ २०२० पासून स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र गुणांकांचे जीएल सूत्र वापरतो. यवतमाळ जिल्ह्यातील व्यायामशाळांनीही मानाची ढाल देताना हेच सूत्र लावावे. केवळ एकूण किलो मोजले, तर पुसद-वणीकडील लहान चणीच्या मुलीच्या हाती ती ढाल कधीच येणार नाही.