जागा न्हाई

‘जागा न्हाई.’ हे दोन शब्द आपल्याला नवे नाहीत, दोस्तांनो. देवळात जागा न्हाई, पाणवठ्यावर न्हाई, शाळेत दाराबाहेर. काठेवाडातल्या शिक्षकाच्या बाळंतीण बायकोला डॉक्टरनं हात लावला नाही, थर्मामीटर मुसलमानाच्या हातून दिला, ती बाई मेली. ही हकिकत बाबासाहेबांनी लिहून ठेवलीय. आता जात विचारत नाहीत. अंगावरची कापडं बघतात आणि म्हणतात, ‘खाट शिल्लक न्हाई, पुढं न्या.’

मी बिद्रीचा. आमच्या कारखान्याचं धुराडं पेटलं की बीडकडनं तोडणीच्या टोळ्या येतात. फडात साप, रस्त्यावर लाल दिवा नसलेली ट्रॉली, खोपीत अडलेलं बाळंतपण. कोल्हापूर तासाभरावर, आणि विष काही तासभर थांबत नाही. अशाच एका हंगामात तोडणीवाल्या बाईला साप चावला, मी बरोबर गेलो. पहिल्या दवाखान्यात इंजेक्शन संपलेलं. दुसऱ्यात खाट नाही. तिसऱ्यात जमिनीवर गादी टाकून दिली. अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर, ती बिचारी नुसती पळत होती. बाई जगली. नशिबानं म्हणायला माझी जीभ वळत नाही, पण सरकारनं जगवली असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू?

अशा वेळी आपली पोरं डॉक्टरच्या अंगावर धावून जातात. पुढाऱ्यांना तेच पाहिजे असतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं मेल्याचं उघड झालं, त्यांत १२ तान्ही बाळं. खाटांपेक्षा पेशंट जादा, माणूसबळ कमी. मग तेव्हाचे हिंगोलीचे खासदार आले आणि कॅमेऱ्यासमोर अधिष्ठात्यांकडून संडास साफ करून घेतला. पुढं खासदारांवर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला.

मला त्या झाडूबद्दल विचारायचंय. झाडू ही शिक्षा कधी झाली? तो आपल्या बापाच्या हातात जन्मानं दिला, त्या दिवशी. साहेबानं एकदा संडास धुतला की अपमान, आणि आपल्या आयाबाया कंत्राटावर रोज धुतात ती काय, समाजसेवा? आणि पदं मंजूर करणं, भरणं हे मंत्रालयाचं काम. खासदार सत्ताधारी पक्षाचे. त्यांनी मुंबईला जाऊन विचारायचं सोडून झाडू मागवला!

याच कोल्हापुरात जानेवारी १९१९ मध्ये शाहू महाराजांनी हुकूम काढला. सरकारी दवाखान्यात अस्पृश्यांना समतेनं वागवायचं. ज्याला जमत नसेल त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही. संस्थानिकाचा हुकूम होता, पण नेमका कुणाला लागू हे स्पष्ट होतं. आजचं राज्य संविधानाचं. १९९२ मध्ये पश्चिम बंगालात एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. सरकारी दवाखान्यांनी एकामागून एक परत पाठवलं, शेवटी खाजगीत पैसे भरून उपचार घेतले. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हा कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. २५ हजार भरपाई द्यायला लावली.

आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? जयंतीला डॉल्बीपुढं रात्र काढणाऱ्यांनो, एक रात्र कॅज्युअल्टीच्या दारात बसा. ‘जागा न्हाई’ म्हणाले की आवाज चढवू नका, सिस्टरवर तर मुळीच नको. मोठ्या डॉक्टरांना म्हणा, लिहून द्या. वेळ घाला, सही करा, शिक्का मारा. बघा, कुठंतरी खाट निघते की नाही.

दुसरं काम कागदाचं. तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्याला माहितीच्या अधिकारात विचारायचं: मंजूर खाटा किती, सफाईची पदं किती, भरलेली किती, कंत्राटावर किती, सर्पदंशाच्या इंजेक्शनच्या कुप्या आज शिल्लक किती. मसुदा मी केलाय. कारखाना सुरू व्हायच्या आत अर्ज गेले पाहिजेत. रविवारी विहारात या, येताना दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट घेऊन या.