वायूचा वायूशीं कलह

गेल्या महिन्यांत पुण्यास लोहगांवच्या विमानतळाजवळ मुलीच्या बिऱ्हाडीं आठ दिवस राहण्याचा योग आला. तेथें उतारूंचीं विमानें व वायुदलाचीं लढाऊ विमानें एकाच धावपट्टीवरून उडतात. एके सकाळीं तान्हा नातू पाळण्यांत नुकताच डोळे मिटीत होता, तोंच एक सुखोई उडालें. तावदानें थरथरलीं आणि बाळानें टाहो फोडला. अकरा वर्षांची थोरली नात मला म्हणाली, "आजोबा, दोनच माणसें नेणारें विमान एवढें ओरडतें, आणि दीडशें माणसें नेणारें त्या मानानें निमूट जातें, हें कसें?" मीं मास्तरी सवयीनें तत्काळ सांगून टाकलें, "त्याचा जोर अधिक, म्हणून."

घरीं येऊन आंकडे पाहिले तों उत्तर सपशेल चुकलेलें! सुखोईला दोन इंजिनें, उतारूंच्या एअरबस ए-३२० लाही दोन; आणि उड्डाणाच्या वेळीं दोहोंकडील प्रत्येक इंजिनाचा रेटा बारा टनांच्या आसपास. जोर सारखा, मग आवाजांत हें अंतर कां?

आपल्या वैशेषिकांनीं शब्दाचीं कारणें सांगतांना संयोग व विभाग हीं सांगितलीं आहेत. नगाऱ्यावर टिपरी पडते हा संयोग, वेळू चिरतो हा विभाग. परंतु जेट इंजिनाच्या मागून जो तप्त वायूचा झोत सुटतो, त्याच्या वाटेंत ना चामडें, ना तार. वेगवान वायु स्थिर वायूंत घुसतो, भोंवरे उठतात, आणि त्या भोंवऱ्यांतूनच गर्जना जन्मते. तिचें गणित मँचेस्टर विद्यापीठांतील जेम्स लाइटहिल यांनीं १९५२ सालीं मांडलें, तेव्हां ते अवघे २८ वर्षांचे होते.

त्यांची युक्ति मला फार आवडली. वायूच्या गतीचीं समीकरणें त्यांनीं कांहींएक न गाळतां अशीं फिरवून लिहिलीं कीं, डाव्या बाजूस स्थिर हवेंतील ध्वनिलहरींचें साधें समीकरण राहावें आणि उरलेला सर्व गोंधळ उजवीकडे 'ध्वनीचें कारण' म्हणून बसावा. भोंवऱ्यांचें कोडें त्यांनीं सोडविलें असें नव्हे. पण आवाज वेगाच्या कितव्या घाताप्रमाणें वाढतो, एवढें त्यांतून काढतां आलें. तो घात निघाला आठवा! भोंवऱ्यांत हवा बाहेरून येत नाहीं, कीं तिला बाहेरून कोणी ढकलीत नाहीं. म्हणून शेजारशेजारच्या भागांचे ध्वनि बहुतांशीं एकमेकांस खाऊन टाकतात व उरलेली वजाबाकीच दूर पोंचते. वेग वाढतो तसतशी ही वजाबाकी अपुरी पडत जाते.

आतां हिशेब पाहा. झोताचा वेग दुप्पट केला कीं ध्वनीची शक्ति २५६ पट, म्हणजे २४ डेसिबल अधिक. रेटा मात्र वेगाच्या वर्गाप्रमाणें व झोताच्या क्षेत्रफळाप्रमाणें बदलतो. तेव्हां वेग निम्मा करून क्षेत्रफळ चौपट केलें, तर रेटा तोच राहून आवाज चौसष्टावा हिस्सा होतो. उतारूंच्या विमानाच्या तोंडाशीं जो भला मोठा पंखा दिसतो, तो हेंच काम करतो: पुष्कळ हवा सावकाश ढकलतो. लढाऊ विमानाचा झोत अरुंद व अतिवेगवान. शिवाय उड्डाणाच्या वेळीं शेपटीकडे आणखी इंधन जाळतात. झोत ध्वनीहूनही बराच वेगवान झाला कीं आठव्या घाताचा नियम सुटतो व वाढ तिसऱ्या घातापाशीं मंदावते, हें फॉक्स विल्यम्स यांनीं १९६३ त दाखविलें. पण तोंवर कानठळ्या बसून चुकलेल्या असतात.

आज प्रचंड संगणक मोठ्या भोंवऱ्यांचा माग काढतात, लहानांचा अंदाज बांधतात. तरी काम अवघडच. कारण झोताच्या शक्तीचा अगदीं थोडा अंशच ध्वनींत जातो, आणि प्रवाहाच्या हिशेबांतली बारीकशी चूकही त्या अंशाला गिळून टाकूं शकते.

नातीस पत्र लिहून चूक कबूल केली. तिनें उलट विचारलें, "मग सुखोईलाच मोठा पंखा कां लावीत नाहींत?" लिहिलें कीं, ध्वनीहून जलद धांवावयाचें तर मागचा झोत विमानाहूनही वेगवान हवा, आणि तेवढ्या वेगांत रुंद पंखा हवेला आडवा येतो. जांवईबापूंस निराळी चिठ्ठी घातली: उतारूंचीं विमानें पुढें आणखी शांत होतील, लढाऊ विमानें इतक्यांत होत नाहींत; अंतर दुप्पट केल्यास ध्वनीची तीव्रता चौथाई होते, तेव्हां नवें बिऱ्हाड पाहणें बरें. भाडें किती वाढेल तें त्यांनीं अजून कळविलेलें नाहीं.